करोडगिरीपासून एच.एस. नामावलीपर्यंत : बीडच्या संदर्भात कुलूप व गुप्ती यांच्या सीमाशुल्क वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

सीमाशुल्काचा इतिहास प्रामुख्याने दरांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या वर्षी किती टक्के कर होता, तो कोणी वाढविला आणि त्यातून किती उत्पन्न मिळाले, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकपणे जाते. परंतु कर आकारण्यापूर्वी आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे समोर आलेली वस्तू कोणती आहे? तिला कोणत्या नावाने नोंदवावयाचे? या प्रश्नालाच वर्गीकरण असे म्हणतात. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटते. प्रत्यक्षात वस्तू कोणत्या नावाने ओळखली जाते यावर तिचा कर, तिची मुभा किंवा मनाई आणि शासकीय दप्तरात उरणारी तिची नोंद अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात धातूच्या दोन वस्तूंच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिली वस्तू म्हणजे कुलूप. ते बीडच्या बाजारात बाहेरून येत असे. दुसरी वस्तू म्हणजे गुप्ती, अर्थात काठीच्या पोटात दडविलेले पाते. ती बीडमध्ये तयार होत असे. चामड्याची छागळ आणि गुप्ती या दोन वस्तूंसाठी बीड शहर निजामी राजवटीत प्रसिद्ध होते. एक आयातीची व एक निर्यातीची अशा या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहिल्या असता, बीड जिल्ह्याने अनुभवलेल्या दोन करपद्धतींमधील मूलभूत फरक स्पष्ट होतो. पहिल्या पद्धतीत वस्तूच्या किमतीला महत्त्व होते, तर दुसऱ्या पद्धतीत तिच्या नावाला महत्त्व आले.

१. करोडगिरी : एकच दर आणि किमतीचा प्रश्न

हैदराबाद संस्थानात सीमाशुल्काच्या खात्यास करोडगिरी असे नाव होते. अकबराच्या काळात १५७४-७५ मध्ये महसूल वसुलीसाठी नेमलेल्या करोडी या अधिकारपदाशी या शब्दाचे नाते जोडले जाते. दख्खनमध्ये मात्र तो जमीनमहसुलापासून दूर जाऊन मालावरील कराशी निगडित झाला. मराठवाड्यातील जुन्या पिढीच्या बोलण्यात करोडगिरी नाका हा शब्द रुळलेला होता.

या कराची चौकट १८०२ मध्ये निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या व्यापारी तहाने ठरविली. या तहानुसार मालाच्या किमतीवर ५ टक्के कर ही मर्यादा मान्य करण्यात आली आणि निजामास मच्छलीपट्टण बंदराच्या वापराची सवलत मिळाली. पुढे १८५३ मध्ये दिवाणपदी आलेल्या पहिल्या सालारजंगाने मुलुखाच्या आत जागोजागी घेतली जाणारी राहदारी बंद करून सरहद्दीवरील वसुलीला खात्याचे स्वरूप दिले. १८६५ च्या जिल्हाबंदीने महसुली कारभाराला जिल्ह्याची चौकट मिळाली. बीड जिल्ह्याची पश्चिम बाजू इंग्रजी अंमलाखालील अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याला लागून असल्याने आष्टी, पाटोदा हा भाग सरहद्दीचा मुलूख ठरला.

एकाच टक्केवारीवर उभ्या असलेल्या या पद्धतीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्या मालावर समान दर लागतो, त्याच्या बाबतीत वर्गीकरणाचा वाद उद्भवत नाही. कुलूप, कडी, कात्री किंवा पितळी तांब्या, सर्वांवर किमतीच्या प्रमाणात सारखाच कर असेल तर कुलपास कडी म्हणून दाखविण्यात व्यापाऱ्याचा कोणताही लाभ नसतो. त्याचा लाभ किंमत कमी दाखविण्यात असतो. त्यामुळे नाक्यावरील प्रश्न "हे काय आहे?" असा नसून "हे केवढ्याचे आहे?" असा असे.

किमतीचा हा प्रश्नही सोपा नव्हता. संस्थानाचे स्वतःचे हाली सिक्का चलन होते, तर मुंबई वा अहमदनगरहून येणाऱ्या मालाची बिले कलदार रुपयांत असत. विसाव्या शतकात साधारणतः ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये असे प्रमाण होते. परिणामी कुलपांच्या पेटीवरील कर ठरविण्यासाठी बिलाची खातरजमा, वाहतूक खर्चाचा विचार आणि चलनाचा हिशेब या तिन्ही बाबी जुळवाव्या लागत. कोणत्याही मूल्याधारित करात अधिकाऱ्याच्या विवेकाला, आणि म्हणूनच मनमानीलाही, वाव असतो तो येथेच.

२. मुंबई बंदर आणि सरहद्दीचा नाका : कुलपाचा दुहेरी प्रवास

बीड शहराला निजामी काळात रेल्वे नव्हती. अहमदनगर ते बीड ही रेल्वेसेवा प्रत्यक्षात सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरचा माल बीडपर्यंत येण्याचे मार्ग जवळच्या रेल्वे स्थानकांवरून निघत. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्याने अहमदनगर मुंबईशी जोडले गेले. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेने बार्शीची बाजारपेठ गाठली. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मार्गामुळे जालना रेल्वेवर आले. अहमदनगर किंवा बार्शीहून बैलगाडीने निघालेला माल निजामी मुलुखात शिरताना करोडगिरीच्या नाक्यावर थांबत असे.

इंग्लंडमधील विलनहॉल व वुल्व्हरहॅम्प्टन ही गावे कुलपांच्या उत्पादनासाठी विख्यात होती. तेथील कुलूप बीडच्या दुकानात पोहोचण्यापूर्वी दोन सीमा ओलांडत असे. पहिली सीमा मुंबई बंदराची. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८२ मध्ये शस्त्रे, मद्य, अफू व मीठ असे अपवाद वगळता सर्वसाधारण आयात शुल्क रद्द करण्यात आले होते. १८९४ मध्ये ते ५ टक्के दराने पुन्हा लागू झाले. सर्वसाधारण दर १९१६ मध्ये साडेसात, १९२१ मध्ये ११ आणि १९२२ मध्ये १५ टक्के झाला. दुसरी सीमा निजामी सरहद्दीची. मुंबईस भरलेल्या शुल्काची वजावट तेथे मिळत नसे.

या दुहेरी आकारणीचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. वाहतूक खर्च व नफा बाजूला ठेवून बंदरात १०० रुपये किमतीची कुलपे उतरली असे मानल्यास, १८८२ ते १८९४ या काळात मुंबईस काहीही शुल्क नव्हते आणि सरहद्दीवरील ५ टक्क्यांनंतर त्यांची किंमत १०५ रुपये होत असे. १८९४ नंतर मुंबईस १०५ आणि सरहद्दीवर त्यावर ५ टक्के धरून ती ११० रुपये ४ आणे झाली. १९२२ नंतर हाच आकडा १२० रुपये १२ आण्यांवर गेला. म्हणजेच निजामी नाक्यावरचा दर न बदलताही बीडच्या ग्राहकावरील भार वाढला, कारण ५ टक्के आकारणी आता मुंबईच्या शुल्कासह झालेल्या किमतीवर होत होती.

येथे स्वदेशी उद्योगाचा संदर्भ महत्त्वाचा ठरतो. १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबाग येथे कुलपांचे उत्पादन सुरू केले. १८९४ च्या कायद्यात लोखंड व पोलादावर १ टक्का आणि तयार लोखंडी वस्तूंवर ५ टक्के असा भेद होता. त्यामुळे मुंबई बंदरात "लोखंड" आणि "लोखंडी वस्तू" या दोन नावांत करापुरते अंतर पडले होते आणि आयात पत्रा घेऊन येथे कुलूप घडविणाऱ्यास त्याचा अल्पसा लाभ होता. निजामी सरहद्दीवर मात्र हे अंतर नाहीसे होई. लालबागचे कुलूप आणि विलनहॉलचे कुलूप, दोन्ही बीडच्या दृष्टीने आयात मालच होते आणि दोन्हींवर सारखाच दर होता. देशी व विदेशी हा भेद करोडगिरीच्या नोंदवहीला ठाऊक नव्हता, कारण तिच्या दृष्टीने मुंबई हाही परमुलूख होता. स्वदेशीच्या चळवळीचा विचार संस्थानी प्रजेच्या संदर्भात करताना ही आर्थिक वस्तुस्थिती अनेकदा दुर्लक्षित राहिली आहे.

३. गुप्ती : काठी की शस्त्र?

कुलूप बीडकडे येत होते, तर गुप्ती बीडहून बाहेर जाण्याजोगी वस्तू होती. तिच्या रचनेतच वर्गीकरणाची अडचण आहे. बंद असताना ती हातातील काठी असते आणि उघडल्यावर पात्याचे हत्यार. कुलपाबाबत निर्माण न होणारा प्रश्न येथे अटळ ठरतो.

किमतीवर एकच दर लावणाऱ्या नाक्याच्या दृष्टीने गुप्ती ही काठी की शस्त्र हा प्रश्न करापुरता गौण होता. ब्रिटिश हद्दीत तसे नव्हते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवारी, खंजीर, संगिनी, भाले इत्यादींचा समावेश "शस्त्रे" या संज्ञेत केला आणि समुद्रमार्गे किंवा जमिनीवरून ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रे आणण्यास वा नेण्यास परवान्याची अट घातली. खासगी वापरासाठी वाजवी संख्येत नेलेल्या शस्त्रांना सूट होती, पण व्यापारी मालाला ती लागू होण्यासारखी नव्हती. काठी म्हणून पाहिल्यास गुप्ती हा मुक्त माल होता. तलवारीचा प्रकार म्हणून पाहिल्यास तो परवान्याचा माल होता. सरहद्दीच्या एका बाजूस किमतीचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूस नावाचा प्रश्न, अशी तिची स्थिती होती.

स्वातंत्र्योत्तर काळात ही संदिग्धता कायद्याने दूर केली. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील १९६२ च्या नियमांत बंदुकेव्यतिरिक्त शस्त्रांच्या पाचव्या वर्गात तलवारींचा उल्लेख करताना काठीतील तलवारीचा स्पष्ट समावेश करण्यात आला. बीडच्या कारागिराने शतकभर जी वस्तू काठी आणि पाते या दोन रूपांत घडविली, तिला कायद्याने एकच रूप मान्य केले.

४. नाक्याचा अंत

करोडगिरीचा नाका हा केवळ कराचा ठिकाणा नव्हता. तो संस्थानी सत्तेची सीमेवरील खूण होता. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील करोडगिरी नाके आंदोलकांचे लक्ष्य झाले, ते याच कारणाने. ज्या अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थ यांनी अध्यापन केले, त्या जिल्ह्याच्या दृष्टीने नाका मोडणे याचा अर्थ उर्वरित भारताशी असलेली सीमा मोडणे असा होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, तथापि अंतर्गत सीमाशुल्क त्याच दिवशी संपले नाही. संस्थानांच्या अर्थव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीने असे अंतर्गत शुल्क रद्द करण्याची दिशा दाखविली. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानांचे वित्तीय एकीकरण झाले. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३०१ ने देशांतर्गत व्यापार मुक्त असल्याचे तत्त्व मांडले. परंतु अनुच्छेद ३०६ ने "ब" वर्ग राज्यांना केंद्राशी करार करून कमाल दहा वर्षांपर्यंत असे शुल्क चालू ठेवण्याची मुभा दिली. उत्पन्नाचे मोठे साधन एकदम बुडाल्यास नव्या राज्याचा कारभार अडेल, ही त्यामागील व्यावहारिक चिंता होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हा अनुच्छेद वगळण्यात आला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. त्यामुळे मुंबईहून बीडला येणारे कुलूप दोन्ही अर्थांनी आयात माल राहिले नाही.

५. नामावलीचे युग : ८३०१

याच काळात जागतिक पातळीवर वर्गीकरणाचे शास्त्र आकार घेत होते. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९३१ मध्ये जिनेव्हा नामावली तयार झाली. १९५० च्या ब्रुसेल्स करारातून नवी नामावली आली आणि ती १९५९ मध्ये अमलात आली. १९८३ च्या करारानुसार हार्मोनाइज्ड पद्धती, अर्थात एच.एस. नामावली, १ जानेवारी १९८८ पासून जगभर लागू झाली. भारताने १९३४ च्या शुल्क कायद्याऐवजी १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा केला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याची अनुसूची एच.एस. पद्धतीशी जुळवून घेतली.

या नामावलीत सामान्य धातूंची कुलपे ८३०१ या शीर्षाखाली येतात. किल्लीची, आकडे जुळविण्याची आणि विजेवर चालणारी अशी सर्व कुलपे त्यात समाविष्ट आहेत. पुढे उपशीर्षे आहेत : ८३०१.१० मध्ये कोयंड्यात अडकविण्याची सुटी कुलपे, ८३०१.२० मध्ये मोटारवाहनांची, ८३०१.३० मध्ये लाकडी व इतर सामानाची, ८३०१.४० मध्ये इतर कुलपे, ८३०१.५० मध्ये कुलूप असलेल्या पकडी व चौकटी, ८३०१.६० मध्ये सुटे भाग आणि ८३०१.७० मध्ये स्वतंत्रपणे आलेल्या किल्ल्या.

या मांडणीतील तर्क लक्षवेधी आहे. कुलपाचे वेगळेपण बंद करण्यात नसून बंद केलेले दुसऱ्या कोणास सहज न उघडता येण्यात मानले आहे. म्हणून साधी कडी, कोयंडा, खिट्टी व अडसर ८३०२ मध्ये जातात. तिजोरी ८३०३ मध्ये जाते, कारण तेथे कुलूप हा मोठ्या वस्तूचा अंश असतो. मोटारीच्या दाराचे कुलूप मात्र मोटारीच्या भागांत, म्हणजे ८७०८ मध्ये, जात नाही. पंधराव्या विभागाच्या दुसऱ्या टिपेने कुलपांना "सर्वसाधारण वापराचे भाग" ठरविले आहे आणि वाहनांच्या विभागाने असे भाग स्वतःतून वगळले आहेत. कुलूप कोठे बसवावयाचे यापेक्षा ते कुलूप आहे ही ओळख प्रधान मानली जाते. मोटारीच्या भागांवर आणि कुलपांवर भिन्न दर असतील, तेव्हा या एका टिपेवर आयातदाराचा बराच पैसा अवलंबून असतो. करोडगिरीच्या काळात अशा टिपेची गरज पडली नसती.

गुप्तीबाबत नामावलीने दिलेला निर्णय अधिक स्पष्ट आहे. छड्या व काठ्यांचे शीर्ष ६६०२ आहे; परंतु सहासष्टाव्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेने काठीतील तलवारी त्यातून वगळून त्र्याण्णवाव्या, म्हणजे शस्त्रांच्या प्रकरणाकडे धाडल्या आहेत. तेथे तलवारी, संगिनी व तत्सम शस्त्रांसाठी ९३०७ हे शीर्ष आहे. याशिवाय वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती ९७०६ या पुरातन वस्तूंच्या शीर्षाखाली येते आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तिची खासगी निर्यात निषिद्ध ठरू शकते. बीडच्या निजामकालीन गुप्तीची अशा रीतीने तीन ओळखींमधून वाटचाल झाली : काठी, शस्त्र आणि पुरावस्तू. वस्तू तीच राहिली. कायदा व काळ बदलताच तिचे नाव बदलले.

६. नावाचा लाभ आणि नावाची किंमत

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हीच नामावली देशांतर्गत करासाठीही वापरात आली. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्यालाही दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास दिलेल्या बिलावर किमान चार अंकी संकेतांक लिहावा लागतो. बीडच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून निघणाऱ्या अशा बिलावर आज ८३०१ हा आकडा उमटतो. नाका गेला, पण बंदरातील वर्गीकरण दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोहोचले.

या पद्धतीचे लाभ नाकारता येणार नाहीत. किमतीच्या अंदाजावर अवलंबून असलेली अधिकाऱ्याची मनमानी लिखित नियमांनी मर्यादित झाली. वाद उद्भवल्यास टिपांचा आधार घेऊन अपील करता येते. निरनिराळ्या देशांची व्यापारी आकडेवारी तुलनायोग्य झाली.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकासाठी दोन्ही पद्धतींत एक उणीव आहे. एकाच दराच्या पद्धतीत करासाठी वस्तूचे नाव निर्णायक नसल्याने अशी नोंद स्वभावतः किमतीकडे झुकते आणि वस्तूचा तपशील मागे पडतो. नामावलीच्या पद्धतीत नाव आहे, पण ते ब्रुसेल्सने ठरविलेले आहे. कुलपासारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या वस्तूला त्यात स्वतःचे शीर्ष व सात उपशीर्षे मिळाली. गुप्तीला शीर्ष मिळाले नाही. एका टिपेत तिला केवळ वगळण्यासाठी स्थान मिळाले. बीडच्या छागळीला तर तेवढेही मिळाले नाही. ४२०२ या शीर्षात पेट्या, पिशव्या, पाकिटे आणि बाटल्या ठेवण्याची आवरणे यांची नावानिशी यादी आहे; परंतु चामड्याची छागळ हे बाटलीचे आवरण नसून ती स्वतःच पाण्याचे भांडे आहे. अशा वस्तू "तत्सम" किंवा "इतर" या शब्दांत विरून जातात आणि त्यांच्या व्यापाराचा मागोवा आकडेवारीतून घेणे अशक्य होते.

म्हणून मराठवाड्यातील हस्तव्यवसायांचा इतिहास केवळ शासकीय आकडेवारीवर उभा करता येणार नाही. हैदराबाद येथील अभिलेखागारातील निजामकालीन फारसी व उर्दू दप्तर, व्यापारी घराण्यांच्या वह्या, जुनी बिले आणि कारागीर कुटुंबांची तोंडी माहिती यांचा एकत्रित उपयोग करावा लागेल. महाविद्यालयांतील इतिहास, वाणिज्य व अर्थशास्त्र या विभागांनी हे काम संयुक्तपणे हाती घेण्यासारखे आहे, कारण उर्दू दप्तर वाचणारा आणि शुल्काची अनुसूची जाणणारा अभ्यासक सहसा एकच नसतो.

निष्कर्ष

१) करोडगिरीच्या मूल्याधारित समान दरामुळे निजामी सरहद्दीवर वर्गीकरणापेक्षा मूल्यांकन महत्त्वाचे होते. वस्तूच्या नावाचा प्रश्न भिन्न दर व भिन्न निर्बंध यांच्यासोबत पुढे आला.

२) बीडच्या ग्राहकावर कुलपांच्या बाबतीत दुहेरी शुल्काचा भार होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील दरवाढीचा परिणाम निजामी दर स्थिर असतानाही सरहद्दीपलीकडे पोहोचत असे, आणि स्वदेशी कुलपास निजामी नाक्यावर कोणतेही झुकते माप नव्हते.

३) गुप्तीच्या उदाहरणावरून असे दिसून येते की वर्गीकरण हे वस्तूचे केवळ वर्णन करीत नाही, तर तिचे कायदेशीर स्वरूप निश्चित करते.

४) जागतिक नामावलीने करव्यवहारात निश्चितता आणली, मात्र स्थानिक कारागिरीच्या वस्तूंना तिच्यात स्वतंत्र स्थान नसल्याने त्यांची शासकीय नोंद पुसट झाली. ही उणीव स्थानिक साधनांच्या आधारेच भरून काढावी लागेल. छागळ व गुप्ती घडविणाऱ्या कुटुंबांच्या आठवणी अद्याप मिळण्याजोग्या आहेत तोवरच हे काम होणे आवश्यक आहे.